देऊळ उघडे ठेवून केलेला जीर्णोद्धार : थोडा इतिहास व थोडा अनुभव



श्री ग्रामदैवताच्या कृपेने आपल्या मंद्रूप गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला व कळसारोहणाचा सोहळाही यथासांग पार पडला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देणगीदारांची नामावली व जमाखर्चाचा तक्ता छापला आहे. तो तक्ता वाचताना ‘तात्पुरती व्यवस्था’ या नावाचे एक खाते आपल्या नजरेस पडेल. पत्र्याचे आडोसे, लाकडी फळ्या, ताडपत्र्या, रात्रीचे दिवे, रखवालदाराचा पगार असा खर्च त्यात दाखविला आहे. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या काही देणगीदारांनी मोकळेपणाने विचारले की, आम्ही दगडासाठी व कळसासाठी पैसे दिले. ते पत्रे आणि फळ्या यांवर का खर्च झाले? शिवाय काम ठरल्यापेक्षा दोन महिने का लांबले?

प्रश्न रास्त आहे. देवाच्या पैशाचा हिशेब मागण्याचा देणगीदारांना अधिकारच आहे. बांधकामाच्या काळात रोजच्या नोंदींची वही समितीने माझ्याकडे सोपविली होती, सबब उत्तर देण्याचे कामही माझ्याकडे आले. मी लेखक नव्हे. तालुका कचेरीत टिपणी व जावक लिहिणारा साधा कारकून आहे. भाषेत काही उणे-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

जीर्णोद्धाराच्या पहिल्या सभेत मुख्य प्रश्न पैशाचा नव्हताच. काम होईपर्यंत देऊळ बंद ठेवायचे की उघडे, हा होता. सहा महिने कुलूप घालावे, गवंड्यांना मोकळे रान द्यावे आणि काम एकदाचे उरकावे, असे एक मत होते. खरे सांगायचे तर माझेही तेच मत होते. त्यात खर्च कमी व कटकट कमी. उलट बाजूला गुरव होते, रोज पहाटे काकड्याला येणारी म्हातारी माणसे होती आणि देवळासमोरचे लहान दुकानदार होते. नारळ, फुले, पेढे, बांगड्या, चहा एवढ्यावर ज्यांची चूल पेटते, ती ही माणसे.

सभा संपल्यावर फुले विकणाऱ्या एका आजीने मला वाटेत थांबविले आणि म्हणाली, “भाऊसाहेब, तुमची कचेरी गळत होती तेव्हा तुम्ही सहा महिने घरी बसला होता का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कचेरीच्या छपराचे काम चालू असता आम्ही टेबले व्हरांड्यात मांडली होती आणि लोकांचे दाखले, अर्ज, नकला एकही दिवस न थांबविता दिल्या होत्या. कचेरी बंद ठेवली असती तर लोकांनी आम्हाला काय म्हटले असते? आजी पुढे म्हणाली, “देवाला निवद दाखवायला गुरव आहेत. माझ्या चुलीला कोण दाखवणार?”

त्यानंतर समितीच्या सूचनेवरून मी थोडी चौकशी केली, जुनी पुस्तके व वर्तमानपत्रे चाळली. चालू असलेली वास्तू न थांबविता नवी करणे हा प्रश्न काही मंद्रूपलाच प्रथम पडलेला नाही. थोरामोठ्यांनी तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले उदाहरण नाशिक जिल्ह्यातील श्री त्र्यंबकेश्वराचे. तेथे पूर्वी लहान देऊळ होते. त्या जागी आजचे काळ्या पाषाणाचे भव्य मंदिर बांधावयास श्रीमंत नानासाहेब पेशव्यांनी इ. स. १७५५ मध्ये प्रारंभ केला व ते काम १७८६ मध्ये पुरे झाले. म्हणजे एकतीस वर्षे! मध्यंतरी १७६१ मध्ये पानिपतचा घात झाला, त्याच वर्षी नानासाहेब गेले, पुढे थोरले माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, आणि काम पुरे झाले तेव्हा गादीवर सवाई माधवराव होते. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. तेव्हा या एकतीस वर्षांत निदान दोन सिंहस्थ पर्वण्या आल्याच असतील. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले क्षेत्र एका पिढीहून अधिक काळ भाविकांना बंद ठेवणे कोणाला परवडले असते? मोठे काम लांबते, राज्यकर्ते बदलतात, पण यात्रा आपल्या तिथीला येतच राहते, एवढा बोध यातून आपण घ्यावा.

दुसरे उदाहरण देवळाचे नाही, पण आपल्या सोलापूरकरांच्या ओळखीचे आहे. मुंबईच्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. पुढे वाहतूक इतकी वाढली की बोरीबंदरचे जुने स्टेशन अपुरे पडू लागले व १८७८ मध्ये तेथे नव्या इमारतीचे काम सुरू झाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या शिल्पकाराने ती इमारत योजिली होती. सुमारे दहा वर्षे काम चालले आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. आज तेच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस होय. या काळात देशाचा माल आणि उतारू यांची ये-जा चालूच होती. एका अंगाला पाथरवटांच्या छिन्न्या वाजत होत्या आणि दुसऱ्या अंगाला गाड्या सुटत होत्या. कोणी असे म्हटले नाही की, घुमट चढेपर्यंत लोकांनी बैलगाडीने जावे.

आता कोणी म्हणेल की स्टेशन वेगळे आणि देव वेगळा. देवाच्या मूर्तीलाच हात लावायचा असेल तर काय करावे? त्याचीही वाट आपल्या शास्त्राने व रूढीने घालून दिली आहे. कोल्हापूरच्या श्री अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाल्याने जुलै-ऑगस्ट २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून मूर्तीवर रासायनिक संवर्धनाचे काम झाले. त्या दिवसांत मूळ मूर्तीचे दर्शन बंद होते, परंतु भाविक रिकाम्या हाताने परतले नाहीत. त्यांना उत्सवमूर्तीचे दर्शन मिळत होते. अशा वेळी कलाकर्षणाचा विधी करून देवतेचे तत्त्व कलशात घेतात व काम झाल्यावर ते पुन्हा मूळ स्थानी नेतात. म्हणजे गाभारा बंद होऊ शकतो, देव बंद होत नाही. हा विचार आपल्या वाडवडिलांनी करून ठेवला आहे. आपण फक्त त्याचा उपयोग करावयाचा.

सर्वांत जवळचे व सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचे. श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतन व संवर्धनासाठी शासनाने सुमारे ७३ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. गाभाऱ्याच्या कामासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद करण्यात आले. मात्र ठराविक वेळेत मुखदर्शन चालू ठेवले आणि देवाचे नित्योपचारही चालू राहिले. मूर्तींना इजा होऊ नये म्हणून त्यांभोवती संरक्षक आवरण केले. नंतरच्या काळात चढविलेले चांदीचे पत्रे व फरशी काढून मूळचा दगड मोकळा केला. चैत्री वारी याच काळात येऊन गेली. मे महिन्याच्या अखेरीस काम चालू असता फरशीखाली एक लहान तळघर सापडले व त्यात जुन्या दगडी मूर्ती आणि नाणी मिळाली, हे वृत्त आपण सर्वांनी वाचलेच असेल. शेवटी २ जून २०२४ पासून पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले आणि १७ जुलैच्या आषाढी एकादशीला वारकऱ्यांना देवाच्या पायावर डोके ठेवता आले.

यातील एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. आषाढीची तिथी कोणालाही पुढे ढकलता येत नाही. गवंडी आजारी पडला किंवा दगड वेळेवर आला नाही, तरी वारी निघायची ती निघतेच. अशी न हलणारी तारीख समोर असली म्हणजे कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते सध्या नकोच, हे आपोआप ठरते. आम्हीही त्याप्रमाणे गावच्या यात्रेची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती व यात्रेपूर्वी सभामंडप मोकळा झालाच पाहिजे, असा ठराव केला होता.

आणखी एक धडा आपल्या दारावरून गेलेल्या रस्त्याने दिला. सोलापूर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण चालू असता फेब्रुवारी २०२१ मध्ये २५.५४ किलोमीटर लांबीच्या एका पदराचे डांबरीकरण अवघ्या १८ तासांत पुरे झाले, आणि त्याची नोंद विक्रम म्हणून झाली. पुष्कळांना तो अठरा तासांचा चमत्कार वाटला. पण ज्यांनी तेरामैलाच्या बाजूने रोज ये-जा केली त्यांना ठाऊक आहे की त्या अठरा तासांमागे किती महिन्यांचा मुरूम, खडी, रोलर आणि वळणरस्ते होते. त्या कामापायी एस. टी. थांबली नाही, उसाच्या गाड्या थांबल्या नाहीत, कडेचे धाबेही बंद पडले नाहीत. लोकांच्या वाटेत जे काम येते ते थोड्या वेळात उरकायचे असेल, तर बाकीचे सर्व काम आधी, वाटेबाहेर करून ठेवावे लागते.

ही उदाहरणे सभेपुढे ठेवली तेव्हा मी माझे पूर्वीचे मत मागे घेतले व देऊळ उघडे ठेवून काम करण्याचा ठराव झाला. त्यानुसार दगड घडविण्याचे काम देवळाच्या आवारात न करता गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ठेवले. दगडावर खुणा घालून, तयार झालेलेच दगड आवारात आणले. पहाटेच्या काकड्यापासून सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळच्या आरतीपासून शेजारतीपर्यंत देऊळ भाविकांचे, व मधला वेळ कामगारांचा, अशी वाटणी केली. भाविकांची वाट एका बाजूने, वाळू-सिमेंटची वाट मागच्या बाजूने, आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याचा आडोसा. परांचीच्या खाली जाळी व बारदान बांधले. बाजाराच्या दिवशी, अमावास्येला व सणावारी खोदाई करावयाची नाही, असे मिस्त्रींना लेखी दिले. दुकाने एकदम न उठविता दोन-दोन करून बाजूला सरकविली व समोरचे काम होताच पुन्हा जागेवर आणली. गाभाऱ्याचे काम सर्वांत शेवटी घेतले. त्या थोड्या दिवसांपुरता कलश शेजारच्या ओवरीत ठेवून पूजा चालू राहिली.

हे वाचून कोणास वाटेल की सर्व काही सुरळीत पार पडले. तसे झाले नाही, आणि ते लपविणे बरे नव्हे.

पहिल्याच आठवड्यात राडारोड्याचा ढीग एका पेढेवाल्याच्या दुकानापुढे पडला. वारा सुटला आणि धूळ परातीतील पेढ्यांवर बसली. त्यांनी ती परात उचलून थेट समितीच्या बैठकीत आणून ठेवली व म्हणाले, “मालक, हे तुम्ही खाऊन दाखवा.” कोणी बोलले नाही. त्या दिवसापासून राडारोडा टाकण्याआधी पाणी मारायचे व संध्याकाळच्या आत तो उचलायचा, असा नियम झाला. त्या दिवसाचे पेढ्यांचे नुकसान समितीने भरून दिले. तीही रक्कम ‘तात्पुरती व्यवस्था’ या खात्यात आहे.

दुसरी चूक मात्र पैशाने भरून निघण्यासारखी नव्हती. पाण्याच्या निचऱ्यासाठी भाविकांच्या वाटेलगत चर खणला होता. संध्याकाळी कामगार गेले. चरावर फळ्या टाकायच्या राहिल्या आणि दिवाही लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात काकड्याला निघालेले गावचे एक वयोवृद्ध गृहस्थ त्या चरात पडले व त्यांचा पाय मोडला. मिस्त्री म्हणाले, दिवा समितीने लावायचा. समितीला वाटले, रखवालदार लावील. रखवालदाराला कोणी सांगितलेच नव्हते. मी माझी वही काढून पाहिली. तिच्यात सिमेंटच्या पोत्यांची नोंद होती, वाळूच्या ब्रासची नोंद होती, पण दिवा कोणी लावायचा याची नोंद नव्हती. नियम सर्वांनी मिळून केला होता आणि नाव कोणाचेच लिहिले नव्हते. कारकुनीत एवढी वर्षे काढूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची टोचणी मला आजही आहे.

आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा मान वर करण्याची सोय नव्हती. समितीतल्या एकाने सुचविले की, आता तरी देऊळ काही दिवस बंद ठेवू. ते अंथरुणावरूनच म्हणाले, “माझा पाय आज ना उद्या बसेल. काकडा बंद करू नका. फक्त दिवा लावा.” औषधपाण्याचा खर्च समितीने केला. आता ते काठी टेकीत येतात, पण येतात.

त्या दिवसापासून वहीत रोज संध्याकाळी एक नवी नोंद होऊ लागली. चर झाकले काय, दिवा लागला काय, परांची बांधून घेतली काय, वाट झाडली काय, आणि पाहणाऱ्याचे नाव व सही. सही केल्याशिवाय घरी जायचे नाही. त्यानंतर काम पुरे होईपर्यंत एकाही भाविकाला वा कामगाराला इजा झाली नाही. देणगीदारांनी विचारलेले दिवे व फळ्या ते हेच. कळसाला ज्यांनी देणगी दिली त्यांचे पुण्य मोठे आहे. पण त्या फळ्यांना ज्यांची देणगी लागली त्यांचे पुण्य लहान समजू नये.

देऊळ उघडे राहिल्याचा एक लाभ आम्हाला आधी सुचलाही नव्हता. तो म्हणजे गावाचे डोळे कामावर राहिले. सभामंडपाचा जुना, पायांनी झिजून खोलगट झालेला उंबरा मिस्त्रींनी भरावात टाकण्यासाठी बाजूला काढला होता. सकाळी दर्शनाला आलेल्या बायकांनी तो ओळखला. लग्न होऊन या गावात आल्यावर प्रथम आपण याच दगडावर पाऊल ठेवले, असे म्हणून त्या तेथेच उभ्या राहिल्या व दगड हलू दिला नाही. आज तो नव्या पायरीशेजारी बसविला आहे. देवळाला कुलूप असते तर तो दगड पायात गाडला गेला असता आणि कोणाला कळलेही नसते.

जुन्या दगडाची किंमत आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्याने तरी विसरू नये. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे श्री संगमेश्वराच्या देवळातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेख अभ्यासक कै. आनंद कुंभार यांना जाते. तेथेच १९९९ मध्ये मातीचा ढिगारा उपसताना श्री हरिहरेश्वराचे प्राचीन मंदिर व असंख्य मुखे कोरलेले शिवलिंग प्रकट झाले. त्या तुळईवर कोणी हौसेने ऑइलपेंटचे हात मारले असते, किंवा नव्या बांधकामासाठी ती फोडली असती, तर मायमराठीचा एवढा जुना पुरावा आपल्या तालुक्यातून नाहीसा झाला असता. म्हणून आम्ही गवंड्यांना बजावले होते की, जुन्या दगडावरचा रंग छिन्नीने काढावयाचा नाही व कोणताही दगड गावच्या माणसांना दाखविल्याखेरीज फोडावयाचा नाही. काम दोन महिने लांबले त्यातील काही दिवस यात गेले. ते वाया गेले असे मला वाटत नाही.

तेव्हा देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. देऊळ बंद ठेवले असते तर खर्च कमी आला असता आणि काम लवकर झाले असते, हे मी मान्य करतो. पण तो वाचलेला पैसा फुलेवाल्या आजीच्या चुलीतून, चहावाल्याच्या गल्ल्यातून आणि काकड्याला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या सवयीतून काढलेला असता. तसा तो काढावयाचा नाही, असे गावाने सभेत ठरविले आणि त्याची किंमत आपल्या देणगीतून दिली. आपण ती दिली याबद्दल गाव आपले ऋणी आहे.

पुढे कधीतरी, पन्नास-शंभर वर्षांनी, या मंदिराचा पुन्हा जीर्णोद्धार करण्याची वेळ येईल. त्या वेळच्या मंडळींच्या हाती ही स्मरणिका पडली तर त्यांनी एवढेच करावे. काय थांबणार नाही ते आधी ठरवावे, यात्रेची तारीख भिंतीवर लिहावी, आणि संध्याकाळचा दिवा कोणी लावायचा त्याचे नाव वहीत लिहावे. आमची वही समितीच्या कपाटात ठेवली आहे. ती त्यांच्या उपयोगी पडो.